कुणी पास केलं हे?

इंजिन एकदाचं आलं. जानेवारी २०२० मध्ये बुक केलेलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये हातात पडलं, म्हणजे चार वर्षं दहा महिने. तेवढ्यात माझी नोकरी संपली, भाच्याचं लग्न होऊन त्याला मुलगी झाली, सोसायटीची लिफ्ट दोनदा बदलायची ठरून एकदाही बदलली नाही, आणि अण्णा ऐंशीचे पंच्याऐंशी झाले. इंजिन केवढं, तर जेमतेम चार इंच. काळं, सहा चाकांचं, ब्रिटनमधलं जुनं टँक इंजिन, यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं, म्हणजे खरं होतं तेव्हासुद्धा कुणी ज्याच्याकडे वळून बघितलं नसेल असं.

भाच्याने लेस्टरहून येताना केबिन बॅगेत आणलं. "मामा, सिक्युरिटीवाल्याने दोनदा बॅग उघडली, स्क्रीनवर त्याला काय दिसलं देव जाणे." दिसणारच, आत जस्ताचा ठोकळा, मोटर आणि वायरी. कुरिअरने का नाही मागवलं असं हिने विचारलं, तर त्याचं कारण कस्टम. कस्टमच्या पुस्तकात बाहुली, तीनचाकी सायकल आणि स्केल मॉडेल हे सगळं ९५०३ या एकाच हेडिंगखाली येतं, आणि त्यावरची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. वर खेळण्यांसाठी सरकारचा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, १ जानेवारी २०२१ पासून. क्वालिटी कंट्रोल हे शब्द वाचून मला हसू आलं कारण माझी एकतीस वर्षं त्यातच गेली.

अण्णा म्हणजे माझे वडील, मध्य रेल्वेत फिटर, शेवटची वीस वर्षं घोरपडीच्या डिझेल शेडला, ९७ साली रिटायर. आयुष्य डब्ल्यूडीएम-२ इंजिनांवर गेलं, अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डिझाइन, २६०० हॉर्सपॉवर, बनायची वाराणसीला. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. त्यांनी माझं चार इंचाचं इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, ट्यूबलाइटकडे धरलं, एक डोळा मिटून चाकांच्या तिन्ही जोड्या एका ओळीत बघितल्या आणि म्हणाले,

"मधली जोडी आत आहे. कुणी पास केलं हे?"

"अण्णा, जवळजवळ पाच वर्षं लागली हो याला."

"मग पाच वर्षं करत काय होते?"

आता याचं उत्तर मला बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून तर राग येतो आणि येतही नाही. डब्यात इंजिनाखाली एक बोटभर चिठ्ठी होती, चौकोनात एक नंबर आणि शिक्का. तपासणाऱ्याचा शिक्का. तसा एक शिक्का माझ्या ड्रॉवरमध्येही होता, भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेशर डायकास्टिंगच्या कंपनीत, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमचे टू-व्हीलरचे पार्ट, कुलपांच्या बॉड्या, असलं काय काय. मी इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि क्यूसी हेड म्हणून बाहेर पडलो. शिक्का कसा मारला जातो हे मला अण्णांपेक्षा जास्त माहीत आहे.

हा छंद कुठून लागला ते आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारपणी खेळणी काय. १९९८ मध्ये कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम सुरू झालं. अण्णा नुकतेच रिटायर झालेले, घरात बसून सगळ्यांच्या कामात खोड्या काढायचे, म्हणून त्यांना आणि मुलाला घेऊन तिकडे गेलो. मुलगा गाड्या बघत होता, मी सिग्नल बघत होतो आणि अण्णा वाकून टेबलाखाली डोकावत होते, वायरिंग कसं केलंय म्हणून. येताना बसमध्ये कुणीच कुणाशी बोललं नाही, तिघंही आपापल्या डोक्यात रूळ टाकत होतो. मुलाचं ते खूळ महिन्याभरात उतरलं. माझं नाही उतरलं.

मग ब्रिटिश इंजिन का, डब्ल्यूडीएम-२ का नाही? आपल्या इंजिनांची मॉडेल करणारी मंडळी आहेत, छोट्या छोट्या बॅच काढतात, पण गाडी अडते ती रुळावर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओ स्केल म्हणजे ८७ पट लहान, त्यात तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, आणि जगभर दुकानात मिळतो तो रूळ १६.५ चा. म्हणजे भारतीय इंजिन केलं तरी चालवायचं अरुंद रुळावरच, समोरून बघितलं की बिचारं पाय जुळवून सावधानमध्ये उभं राहिल्यासारखं दिसतं. ब्रिटिशांचं याहून भारी आहे. त्यांची इंजिनं मुळातच अंगाने बारीक, सुरुवातीच्या काळातल्या मोटरी त्या मापात बसेनात, म्हणून त्यांनी बॉडी मोठी केली, एका फुटाला ४ मिलिमीटर, आणि रूळ तसाच ठेवला एका फुटाला साडेतीनच्या हिशोबाचा. त्याला ओओ म्हणतात. खरं तर त्या बॉडीला १८.८३ मिलिमीटरचा रूळ पाहिजे. म्हणजे सगळा ब्रिटिश छंद एका डेव्हिएशनवर उभा आहे, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी 'अ‍ॅक्सेप्टेड अ‍ॅज इज' असं लिहून सही केली आणि ते ड्रॉइंगच होऊन बसलं. आमच्या कंपनीत असे चारपाच पार्ट होते.

तर २०२० च्या जानेवारीत जाहिरात आली, कॉम्प्युटरवरचं चित्र, तारीख २०२१ चा उन्हाळा. मी भाच्याला सांगून त्याच्या नावाने बुक केलं. मार्चमध्ये कोविड आला, त्यावर काही बोलायला नको, आपल्याकडेच सगळं बंद होतं तर तिकडे चीनमध्ये, ग्वांगडोंगच्या कारखान्यांत, काय चालू असणार. पण नंतर एकेक मेल यायला लागला आणि मी त्या मेल जपून ठेवायला लागलो, अगदी फोल्डर करून. हिला वाटायचं मी रागाने ठेवतोय. खरं सांगायचं तर मला त्या मेलांत आमच्या टूलरूमचा, म्हणजे साचे बनवायच्या खात्याचा, वास यायचा.

एक मेल आली की पहिले शॉट, म्हणजे साच्यातून निघालेले पहिले नमुने, आलेत पण धुराड्याचा आकार चुकलाय, जाणकारांनी लक्षात आणून दिलं, दुरुस्ती चालू आहे. फोटोत बघितलं तर धुराडं खरंच जाड होतं, अर्धा मिलिमीटर असेल नसेल. बाहेरच्या माणसाला वाटेल अर्धा मिलिमीटर, घासून टाका की. पण घासायचं काय? पार्ट एक नाही, हजारो निघणार आहेत, दुरुस्ती करायची ती डायमध्ये, म्हणजे साच्यात. आणि डायचा नियम उलटा असतो. धुराडं बारीक निघालं असतं तर सोपं होतं, डायमधलं स्टील थोडं काढायचं, पोकळी मोठी होते, पार्ट जाड होतो. धुराडं जाड निघालं म्हणजे पोकळी भरायला पाहिजे, आणि स्टील काढता येतं, घालता येत नाही. मग वेल्डिंग करून परत मशिनिंग, नाहीतर तो तुकडाच कापून नवीन इन्सर्ट. त्यानंतर ट्रायल. ट्रायलमध्ये धुराडं बरोबर आलं आणि बाजूच्या टाकीवर सिंक मार्क आला असं होऊ शकतं, म्हणजे प्लॅस्टिक थंड होताना जाड जागी खड्डा पडतो, मग प्रेशर बदला, वेळ बदला, परत ट्रायल. आमच्याकडे टूलरूमचा हेड म्हणायचा, साहेब डाय म्हणजे लहान पोर, एक दात आला की दुसरीकडे ताप.

तीन महिने म्हणाले होते, आठ लागले. मला आश्चर्य वाटलं नाही. एका नवीन इंजिनाच्या डायचा खर्च लाखभर पौंड आणि त्याच्याही वर जातो, तो वसूल करायचा काही हजार पिसांवर. टू-व्हीलरचा पार्ट आम्ही महिन्याला लाखांत काढायचो, आमच्या डायला खर्च झिरपून जायला जागा होती. इथे नाही. त्यामुळे डाय सुधारण्याचा एकेक निर्णय म्हणजे कुणीतरी कुठेतरी पैसे मोजतंय, आणि तरीही 'राहू द्या, कोण बघतंय' असं म्हणत नाहीये. पुढची मेल येऊन तारीख ढकलली गेली की मी मनात म्हणायचो, चला, शेवटी कुणीतरी सही करायला नाही म्हणालं.

पण प्रत्येक उशीर इतका सद्गुणी नसतो, हेही सांगितलं पाहिजे. बऱ्याच ब्रिटिश कंपन्यांचे स्वतःचे कारखानेच नाहीत. ड्रॉइंग यांचं, डायचे पैसे यांचे, पण मशीन दुसऱ्याचं, आणि त्या मशीनवर यांचा नंबर कधी लागणार ते तिसराच ठरवणार. त्याला स्लॉट म्हणतात. स्लॉट हुकला की परत रांगेत. चिनी नवीन वर्षाला कारखाने बंद होतात, कामगार गावी जातात, त्यातले सगळे परत येत नाहीत, मग नवीन पोरीपोरांना हँडरेल बसवायला शिकवा, केसाएवढ्या तारा त्या. आमच्याकडे गणपती आणि दिवाळीनंतर हेच असायचं, बिहार आणि मराठवाड्याकडची पोरं गेली की आठवडाभर लाइन लंगडी.

हॉर्नबीचं उदाहरण तर या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. १९२० पासून खेळण्यातल्या ट्रेन करणारं नाव. इंग्लंडमध्ये मार्गेटला कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथलं उत्पादन चीनला गेलं, मुख्यतः सांडा कान नावाच्या कारखान्याकडे. २००८ मध्ये तो कारखाना हाँगकाँगच्या कॅडर कंपनीने विकत घेतला, आणि कॅडर म्हणजे कोण, तर हॉर्नबीची थेट स्पर्धक असलेली बॅकमन जिच्या मालकीची आहे ती. पुढची काही वर्षं हॉर्नबीचा माल वेळेवर येईना, मग दुसरे कारखाने शोधा, डाय तिकडे हलवा. डाय हलवा म्हणायला दोन शब्द. आम्ही एकदा एक डाय भोसरीच्या एका व्हेंडरकडून चाकणला हलवली होती, अंतर किती, वीस किलोमीटर असेल. जुना व्हेंडर हिशोब पूर्ण होईपर्यंत डाय देईना, मिळाली तर दोन पिना गायब, आणि नवीन मशीनवर पहिला महिनाभर नुसता फ्लॅश, पार्टला सगळीकडून पापुद्रे. वीस किलोमीटरला हे. (जाता जाता, हॉर्नबीच्याच एअरफिक्सची विमानांची किटं काही वर्षं भारतात बनायची. भाच्याने इंग्लंडच्या दुकानातून मला एक आणलं होतं, डब्यावर मेड इन इंडिया. पुण्याला यायला त्याला दोनदा समुद्र ओलांडावा लागला.)

त्यात समुद्र. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं पडलं, सहा दिवस. कंटेनरचे भाव गगनाला. मग चिपचा तुटवडा, डीसीसीचे, म्हणजे इंजिन डिजिटल पद्धतीने चालवायचे, डीकोडर मिळेनात, मग २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले, की जहाजं आफ्रिकेला वळसा घालून. माझ्या फोल्डरमध्ये जगाचा पाच वर्षांचा इतिहास आहे, एका टँक इंजिनाच्या निमित्ताने.

आणि सगळ्यात वाईट उशीर म्हणजे जो उशीर नसतोच, जाहिरातच लवकर केलेली असते. इथे कंपन्यांची पंचाईत समजून घेतली पाहिजे. गुपचूप डाय करत बसलं आणि दुसऱ्याने तेच इंजिन आधी जाहीर केलं तर पैसे बुडाले, म्हणून ड्रॉइंग पूर्ण व्हायच्या आधीच झेंडा रोवायचा. २०१८-१९ मध्ये हॉर्नबी आणि डॅपोल, दोघांनीही टेरियर हे एकच छोटं इंजिन काढलं. खरी टेरियर १८७२ ते १८८० मध्ये सगळी मिळून ५० बनली होती, त्यांच्यासाठी दोन दोन डाय. क्लास ७१ नावाच्या इलेक्ट्रिक इंजिनाचंही तसंच, त्यात एका बाजूला लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन काम करणारी डीजे मॉडेल्स होती. ती कंपनी २०१९ मध्ये बंद पडली आणि दुसऱ्या एका ट्रेनसाठी, एपीटीसाठी, भरलेले लोकांचे पैसे अडकले ते अडकलेच. पुढच्याच जानेवारीत हॉर्नबीने एपीटी जाहीर केली. ज्यांचे पैसे गेले त्यांना ती बातमी कशी लागली असेल. मी मात्र तेव्हापासून मॉडेल हातात पडेपर्यंत पैसे न घेणाऱ्या दुकानातच बुक करतो, निदान उशीर फुकट मिळतो.

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे, कुणी पास केलं.

आजकालच्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये दोनशेच्या वर पार्ट असतात आणि ते हाताने बसवतात. धरून चाला की एकेक पार्ट, एकेक जोडणी हजारात ९९९ वेळा बरोबर होते. हे फार चांगलं काम आहे, आमच्याकडे असं करणाऱ्याला मी स्वतः चहा पाजला असता. पण ०.९९९ चा २०० वा घात करून बघा, ०.८२ येतो. म्हणजे शंभरातल्या अठरा इंजिनांमध्ये काही ना काही गडबड. एक पायरी वाकडी, एक बफर निखळलेला, एक जोडी आत. मग शेवटी तपासणी. शंभर टक्के तपासायचं ठरवलं तरी माणूसच तपासणार, आणि सकाळी दहाचा डोळा आणि दुपारी साडेतीनचा डोळा एक नसतो हे कुठल्याही क्यूसीवाल्याला विचारा.

सॅम्पलिंग करायचं तर एक्यूएलचं, म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे याचं, टेबल आहे, आम्हाला झोपेत पाठ. लॉट हजाराचा, तर ८० पीस उचला. एक टक्क्याची पातळी धरली तर ८० मध्ये दोन वाईट निघाले तरी लॉट पास, तीन निघाले की फेल. आम्ही पास केलेल्या लॉटमध्येसुद्धा थोडे वाईट असणार हे आम्हालाही माहीत असतं आणि गिऱ्हाइकालाही, कारण त्याच्या लाइनवर तो बाजूला काढतो, दुसरा उचलतो. पण हे टेबल ज्याने केलं त्याच्या डोळ्यांसमोर असेंब्ली लाइन होती. पाच वर्षं वाट बघून एकच पीस घेणारा चिंचवडचा माणूस नव्हता. माझ्यासाठी लॉट साइज एक, सॅम्पल एक, रिजेक्शन शंभर टक्के.

आणि काही दोष तर असे की शिक्का मारायच्या दिवशी ते अस्तित्वातच नसतात. जस्ताचा रोग म्हणतो मी त्याला, ब्रिटिश मंडळी मॅझॅक रॉट म्हणतात. चॅसी, म्हणजे इंजिनाचा खालचा सांगाडा, जस्ताच्या मिश्रधातूची असते कारण वजन पाहिजे, वजनाशिवाय ओढ नाही. जस्त शुद्ध पाहिजे, ९९.९९ टक्के. त्यात शिसं किंवा कथील किंचित जास्त गेलं की धातूच्या कणांच्या सांध्यांमधून आतल्या आत गंज सुरू होतो. शिशाची मर्यादा ०.००५ टक्के, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये पाच मिलिग्रॅम. बाहेरून काही दिसत नाही. पार्ट चकचकीत, माप बरोबर, वजन बरोबर, शिक्का. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी चॅसी फुगते, लांब होते, बॉडीला आतून ढकलते, बॉडी निघेनाशी होते आणि एक दिवस उघडली की बिस्किटासारखा चुरा. १९२० च्या दशकात याचं कारण कळलं, १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने शुद्ध जस्तापासून केलेला झॅमॅक हा मिश्रधातू काढला, म्हणजे औषध माहीत होऊन शंभर वर्षं होत आली, आणि तरी या शतकातल्या मॉडेलांनासुद्धा हा रोग झालाय. का होतो ते मला कुणी सांगायला नको. शॉट मारला की पार्टबरोबर रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत थिजलेला जादा धातू, निघतो, तो परत भट्टीत जातो, त्यात चुकार काहीतरी पडतं, बाजूच्या मशीनचं, झाडून काढलेलं. यावर उपाय एकच, भट्टीतल्या दर हीटला स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय काय किती आहे त्याची तपासणी. आणि स्पेक्ट्रोला पाठवलेला तुकडा त्याच भट्टीतला आहे यावर विश्वास.

हे इतकं ठामपणे बोलतोय तर तेही सांगतो. एका मार्चएंडला, साल नको, रात्री साडेनऊला, ट्रक लागलेला, डिस्पॅचवाला माझ्या टेबलापाशी उभा, प्लँट हेडचा दोनदा फोन, आणि स्पेक्ट्रो रिपोर्ट उद्या सकाळी येणार होता. आधीचे चाळीस रिपोर्ट ओके होते. मी शिक्का मारला. रिपोर्ट सकाळी ओके आला. त्या लॉटचं पुढे काही ऐकू आलं नाही, काहीच वाईट झालं नाही. पण त्या रात्री मला हे माहीत नव्हतं, आणि डब्यातली ती बोटभर चिठ्ठी बघितली तेव्हा मला तो ट्रक आठवला, इंजिन चालू ठेवून उभा होता. त्या नंबरच्या माणसाच्या टेबलापाशी कोण उभं होतं कुणास ठाऊक. तीन वर्षांच्या वर उशीर झालेला लॉट आहे म्हटल्यावर कुणीतरी असणारच. उशीर जितका जास्त, तितकी शेवटच्या टेबलावर घाई जास्त, हे गणित कुठल्याही टेबलात दिलेलं नाही.

बरं. गेज आणलं. पितळेचा छोटा ठोकळा असतो, १४.५ मिलिमीटर, दोन चाकांच्या आतल्या अंगांमध्ये घालायचा. पुढची जोडी बरोबर, मागची बरोबर, मधली जाईचना. व्हर्नियर लावला, १४.१. अण्णांना चष्मासुद्धा न लावता दिसलं होतं. म्हणाले, "आमचं सोळाशे असायचं." ब्रॉडगेजच्या जोडीचं आतलं अंतर १६०० मिलिमीटर, ते मोजूनच त्यांची बोटं झिजलेली. चाक ओढायचं तर सरळ ओढायचं, पिळायचं नाही, कारण दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांना काटकोनात असतात आणि ते बिघडलं की रॉड अडकून इंजिन लंगडायला लागतं. अण्णांनी धरलं, मी ओढलं. बापलेकांनी मिळून ०.४ मिलिमीटर, पाऊण तास.

लावलं रुळावर. छान चालायला लागलं, इतकं हळू की चाकाचा एकेक आरा मोजता यावा. मागच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवर माझं लेआउट आहे, ४३८ मिलिमीटर त्रिज्येची वळणं, गाडी दुसऱ्या रुळावर वळवायचे दोन सांधे, एक यार्ड. पहिली फेरी बरोबर. दुसऱ्या फेरीला यार्डाच्या सांध्याच्या जरा अलीकडे इंजिन उतरलं. परत लावलं, परत तिथेच. पाच वेळा. गेज परत घातलं, तिन्ही जोड्या ओके.

मग मात्र माझा तोल गेला. रात्री बसून कंपनीला मेल लिहायला घेतली, दीड पानी, मुद्देसूद, मोजमापांसकट, फोटो जोडून, एकतीस वर्षं लोकांच्या असल्या मेलांना उत्तरं दिली होती ती सगळी वसूल केली. मधली जोडी १४.१ होती हे वाक्य ठळक. दुरुस्तीनंतरही इंजिन घसरतं हे त्याहून ठळक. पाठवायच्या आधी अण्णांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली, आणि विचारलं,

"दरवेळी एकाच जागी पडतंय?"

"हो."

"मग इंजिनाला काय बघतोस? रूळ बघ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस आयुष्यभर लोकोवाला. कुठे गाडी घसरली की लोकोवाले म्हणणार रूळ खराब, पी-वेवाले, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, म्हणणार चाक खराब, जॉइंट नोटवर सह्या करताना भांडणं, आमच्या घरी जेवताना अण्णा पी-वेच्या लोकांबद्दल जे बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. मी तसं म्हटलं त्यांना. तर म्हणाले, "आम्ही त्यांच्यावर ढकलायचो ते ढकलायचो. पण दरवेळी खोटं नसायचं."

टॉर्च घेऊन गेलो. सांध्याच्या अलीकडे स्लीपरच्या मधोमध माझी ट्रॅक पिन, हातोडीने जरा जास्तच ठोकलेली. प्लॅस्टिकचा स्लीपर मध्ये दबून दोन्ही टोकांनी वर आलेला, आणि त्याने दोन्ही रूळ आत खेचलेले. व्हर्नियर लावला. १६.५ च्या जागी १६.१. तोच ०.४. रूळ टाकून सहा वर्षं झाली होती, टाकले मी, ठोकले मी, तपासले मी, आणि त्यावर आतापर्यंत चाललेली जुनी इंजिनं बहुतेक माझ्यासारखीच ढिली असणार म्हणून कधी कळलं नाही.

पिन उपटली. स्लीपर हळूहळू सरळ झाला, पूर्ण नाही, थोडा. इंजिन लावलं, ते सांध्यावरून गेलं, यार्डात शिरलं, परत आलं. अण्णा प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले होते. चौथ्या की पाचव्या फेरीला म्हणाले, "धुराडं जरा बारीक वाटतंय."